पानाचे आयुष्य किती? : संकेतस्थळाचा वेग आणि कॅशेची मांडणी

संकेतस्थळ संथ असल्याची तक्रार आली की दोष बहुधा वाचकाच्या इंटरनेट जोडणीला किंवा स्वस्तातल्या सर्व्हरला दिला जातो, परंतु वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाच्या बाबतीत विलंबाचे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण वेगळेच असते : जे पान आधी शेकडो वेळा तयार झालेले आहे, तेच पान प्रत्येक नव्या वाचकासाठी पहिल्यापासून पुन्हा तयार केले जात असते. हे अनावश्यक काम वाचवणाऱ्या तंत्राला कॅशे म्हणतात, आणि वर्डप्रेसमध्ये ते तंत्र आणून बसवणाऱ्या जोडप्रणालीला कॅशिंग प्लगिन असे नाव आहे. असे प्लगिन बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याची मांडणी, म्हणजे कोणते पान जपून ठेवायचे, किती काळ ठेवायचे आणि ते कोणाला मुळीच दाखवायचे नाही हे ठरवणे, हे मात्र स्वतःच्या मजकुराची जाण असल्याखेरीज नीट होत नाही, कारण या प्रश्नांची उत्तरे संपादकाला, प्रकाशकाला किंवा दुकानदारालाच ठाऊक असतात.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली, आणि आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे या प्रणालीवर चालतात. मराठीतील अनेक नियतकालिके, प्रकाशनसंस्था आणि छोटे विक्रेते तिचाच आधार घेतात. या प्रणालीत लेख तयार पानाच्या रूपात कोठेही ठेवलेला नसतो. मजकूर, शीर्षक, लेखकाचे नाव, विभाग आणि प्रतिक्रिया या गोष्टी डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात साठवणाऱ्या कोठारात, निरनिराळ्या तक्त्यांत विखुरलेल्या असतात, आणि पानाचे बाह्य रूप ठरवणारा साचा, ज्याला थीम म्हणतात, तो त्याहून वेगळा असतो. वाचकाची मागणी सर्व्हरवर आली की पीएचपी या भाषेत लिहिलेली वर्डप्रेसची आज्ञावली कामाला लागते, सर्व प्लगिन्स स्मृतीत आणते, डेटाबेसला एकामागून एक प्रश्न विचारते, मिळालेली उत्तरे थीमच्या साच्यात बसवते आणि अखेरीस एचटीएमएल या स्वरूपातील पान ब्राउझरकडे पाठवते. साध्या पानासाठी असे काही डझन प्रश्न विचारावे लागतात, तर ताज्या बातम्या, लोकप्रिय लेख आणि जाहिराती यांनी गजबजलेल्या मुखपृष्ठासाठी ही संख्या शंभराच्याही वर जाऊ शकते. या रचनेचा लाभ असा की लेखातली एक चूक सुधारली की ती पुढच्या क्षणी सर्वत्र सुधारलेली दिसते. तिची किंमत अशी की वर्षभरात एक अक्षरही न बदललेल्या कवितेसाठीसुद्धा हा सगळा खटाटोप दर खेपेस नव्याने केला जातो.

पूर्वीच्या मराठी शाळांत तीसपर्यंतच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी ही अपूर्णांकांची कोष्टकेही मुलांकडून पाठ करून घेतली जात, आणि त्यामागचा हेतू असा असे की दुकानाच्या फळीवर बसल्यावर दीडपटीचा किंवा सव्वापटीचा हिशेब कागदावर मांडावा लागू नये. पाढा पाठ असणे म्हणजे एकदा केलेल्या गणिताचे उत्तर जवळ बाळगणे, आणि कॅशेचे तत्त्वही तेच आहे : पहिल्या वाचकासाठी पान तयार झाले की त्याची प्रत सर्व्हरवर ठेवून द्यायची आणि पुढच्या वाचकांना ती प्रतच पाठवायची, म्हणजे पीएचपी आणि डेटाबेस या दोघांनाही त्यांच्यासाठी कष्ट पडत नाहीत. एक भेद मात्र दृष्टीआड करता येत नाही. बारा साते चौऱ्याऐंशी हे उत्तर कधीही शिळे होत नाही, तर संकेतस्थळाचे पान दिनदर्शिकेच्या जातीचे असते, आणि गेल्या वर्षीची दिनदर्शिका भिंतीवर तशीच राहिली तर ती चुकीची तिथी सांगते. कॅशेच्या मांडणीतली जवळजवळ सगळी अडचण या एका भेदातून निघते.

ही कल्पना वेबहून जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मोठ्या आणि संथ स्मृतीच्या शेजारी लहान आणि वेगवान स्मृती ठेवण्याचा विचार मांडला तेव्हा त्यांनी तिला ‘दास-स्मृती’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ८५ या यंत्राविषयीचे लेख १९६८ साली त्या कंपनीच्या नियतकालिकात छापले जात असताना संपादक लाइल जॉन्सन यांनी ‘अतिवेगवान बफर’ या रूक्ष संज्ञेऐवजी कॅशे हा शब्द सुचवला. मूळ फ्रेंच धातूचा अर्थ ‘लपवणे’ असा आहे, आणि लपवून ठेवलेला साठा हा त्यातून आलेला अर्थ आहे. इंग्रजीत या शब्दाचा उच्चार रोख रकमेच्या ‘कॅश’सारखाच होतो, मराठीत घोटाळा होऊ नये म्हणून ‘कॅशे’ हे रूप बरेच वापरले जाते आणि येथेही तेच स्वीकारले आहे.

वेबच्या संदर्भात कॅशे ही एकच वस्तू नसून वाचकाच्या हातातील मोबाइलपासून सर्व्हरच्या पोटापर्यंत तिचे अनेक थर असतात. वाचकाचा ब्राउझर चित्रे, अक्षरसंच आणि शैलीच्या फाइली स्वतःजवळ ठेवतो. जगभर विखुरलेल्या सर्व्हरांचे वितरणजाळे, ज्याला सीडीएन म्हणतात, वाचकाच्या जवळच्या शहरात प्रती ठेवते. मूळ सर्व्हरवर अख्ख्या पानाची प्रत ठेवणारी पान-कॅशे असते. तिच्याखाली डेटाबेसची उत्तरे रेडिस किंवा मेमकॅश्ड यांसारख्या साधनांच्या मदतीने स्मृतीत ठेवणारी ऑब्जेक्ट-कॅशे असते. आणि सर्वांत तळाशी पीएचपीच्या आज्ञांचे एकदा झालेले भाषांतर राखून ठेवणारी ओपकॅशे असते, जी २०१३ सालच्या ५.५ या आवृत्तीपासून पीएचपीबरोबरच मिळते. लेख, कविता आणि बातम्या प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळाला सर्वाधिक लाभ पान-कॅशेचा होतो, आणि ज्याचा प्रत्येक वाचक ओळख पटवून आत येतो अशा सदस्यांच्या किंवा विक्रीच्या संकेतस्थळाला ऑब्जेक्ट-कॅशेची गरज अधिक भासते. प्लगिनच्या मांडणीविषयी पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः पान-कॅशेविषयी आहे.

वर्डप्रेसने पान-कॅशेसाठी स्वतःच्या रचनेत एक दार मोकळे ठेवलेले आहे. मुख्य मांडणीच्या फाइलीत ‘डब्ल्यूपी कॅशे’ या नावाचे मूल्य ‘होय’ असे नोंदवले असेल, तर इतर प्लगिन्स आणि डेटाबेस यांच्याकडे वळण्यापूर्वीच ‘ॲडव्हान्स्ड कॅशे’ या नावाची एक फाइल चालवली जाते, आणि मागितलेल्या पानाची प्रत तयार असेल तर ती तेथूनच पाठवून काम संपवले जाते. ही फाइल एकच असू शकते. त्यामुळे दोन कॅशिंग प्लगिन्स एकाच वेळी सुरू ठेवली तर वेग दुप्पट होत नाही. दोघेही त्या एका जागेवर हक्क सांगतात आणि कोणत्या प्रतीला कोण जबाबदार आहे हे कळेनासे होते. अनेक होस्टिंग कंपन्या आपल्या सर्व्हरवर स्वतःची पान-कॅशे आधीच चालवत असतात, म्हणून प्लगिन निवडण्यापूर्वी त्यांना तसे विचारून घेणे आवश्यक आहे. अन्यथा संपादक प्लगिनमधील प्रती पुसत राहतो आणि वाचकाला मात्र वरच्या थरातील जुनेच पान दिसत राहते.

प्रचलित प्लगिन्सपैकी ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’ हे विनामूल्य असून ते वर्डप्रेसशी निगडित असलेल्या ऑटोमॅटिक या कंपनीकडून सांभाळले जाते. ‘डब्ल्यूथ्री टोटल कॅशे’मध्ये वर सांगितलेले बहुतेक सर्व थर एकाच ठिकाणी हाताळता येतात, पण त्यातील पर्यायांची संख्या नवख्याला गोंधळात टाकते. ‘लाइटस्पीड कॅशे’ची पान-कॅशे मुख्यतः त्याच नावाच्या सर्व्हरसाठी आहे, आणि तो असेल तर ती उत्तम चालते. ‘डब्ल्यूपी रॉकेट’ विकत घ्यावे लागते आणि त्याच्या मूळ मांडणीतच बहुतेक योग्य निर्णय घेतलेले असतात. लहान आणि मध्यम मराठी संकेतस्थळांसाठी यांपैकी पहिले पुरेसे आहे, म्हणून पुढील विवेचनात मुख्यतः त्याचाच आधार घेतला आहे. पर्यायांची नावे बदलली तरी त्यांमागील प्रश्न सर्वत्र तेच असतात.

पहिली पायरी म्हणजे ‘कॅशिंग ऑन’ हा पर्याय निवडणे आणि त्याच पानावरील चाचणीचे बटण दाबणे. ही चाचणी मुखपृष्ठ लागोपाठ दोनदा मागवते आणि दोन्ही प्रतींवर नोंदवलेली वेळ सारखी आहे का ते पाहते. ती सारखी असेल तर दुसरे पान नव्याने तयार झाले नाही, साठ्यातून आले, हे सिद्ध होते. यानंतर प्रत कशी पाठवायची हा प्रश्न येतो. साध्या पद्धतीत पीएचपी थोडा वेळ जागे होते, प्रत शोधते आणि पाठवते. ‘एक्स्पर्ट’ या पद्धतीत अपाचे सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीत बदल करून पीएचपीला स्पर्शही न करता थेट प्रत पाठवली जाते. दुसरी पद्धत अधिक वेगवान असली तरी नियमांच्या फाइलीतील एका चुकीने संपूर्ण संकेतस्थळ बंद पडू शकते, आणि दोहोंतील अंतर सामान्य वाचकसंख्येच्या संकेतस्थळावर जाणवण्याइतके नसते, म्हणून बहुतेकांनी साधी पद्धत ठेवणे शहाणपणाचे आहे.

त्यानंतरचा निर्णय सर्वांत गंभीर आहे, आणि तो म्हणजे साठवलेली प्रत कोणाला दाखवायची नाही हा. पान-कॅशेला वाचकाची ओळख नसते. तिच्या दृष्टीने एका पत्त्याचे एकच पान असते. सर्वांसाठी सारख्या असलेल्या लेखाला हे लागू पडते, परंतु ज्या पानावर वाचकाचे नाव, त्याची ऑर्डर किंवा त्याचा पत्ता छापलेला आहे त्या पानाची प्रत ठेवली गेली, तर एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर जाते. २५ डिसेंबर २०१५ रोजी व्हॉल्व या कंपनीच्या ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानावर हेच घडले : बनावट मागण्यांच्या लोंढ्याला तोंड देण्यासाठी कॅशेचे नवे नियम घाईने लागू करण्यात आले, त्यांत ओळख पटवून आत आलेल्या ग्राहकांची पानेही साठवली गेली, आणि सुमारे ३४,००० ग्राहकांची खात्याशी संबंधित पाने परक्या व्यक्तींना दिसली असण्याची शक्यता कंपनीने स्वतः जाहीर केली. इतक्या मोठ्या आणि तंत्रकुशल कंपनीच्या बाबतीत हे घडू शकले, तर एकहाती चालवल्या जाणाऱ्या संकेतस्थळाने या पर्यायाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’मध्ये आत आलेल्या, म्हणजे लॉग-इन केलेल्या व्यक्तींसाठी कॅशे बंद ठेवण्याचा पर्याय आहे आणि तो निवडलेलाच असावा. पुस्तकविक्रीसाठी ‘वूकॉमर्स’ वापरणाऱ्या प्रकाशकाने खरेदीची पिशवी, पैसे भरण्याचे पान आणि ‘माझे खाते’ ही तीन पाने वगळलेली आहेत याची खात्री स्वतः करून घ्यावी. बहुतेक प्लगिन्स ती आपोआप वगळतात, पण या पानांचे पत्ते मराठीत बदलले असतील तर वगळण्याच्या यादीत नवे पत्ते आले आहेत का ते तपासावे लागते.

आता आयुष्याचा प्रश्न. नेटस्केपमध्ये काम केलेले फिल कार्लटन यांच्या नावावर संगणकशास्त्रज्ञांत एक वचन प्रसिद्ध आहे, ज्याचा आशय असा की त्या शास्त्रात दोनच गोष्टी खरोखर अवघड आहेत, एक म्हणजे वस्तूंना नावे देणे आणि दुसरी म्हणजे साठवलेली प्रत केव्हा बाद करायची हे ठरवणे. नवा लेख प्रसिद्ध झाला की चांगले प्लगिन त्या लेखाच्या पानाबरोबर मुखपृष्ठाची आणि संबंधित विभागाची प्रतही काढून टाकते, आणि तेथपर्यंत सर्व सुरळीत चालते. परंतु उजव्या बाजूच्या पट्टीतील ‘नवे लेख’ ही यादी इतर हजारो पानांवरही छापलेली असते, आणि त्या पानांच्या प्रती जुनीच यादी दाखवत राहतात. त्या सर्व प्रती दर वेळी पुसून टाकण्याचा पर्याय उपलब्ध आहे, मात्र दिवसातून वीस बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने तो निवडला तर साठा कधीच भरणार नाही आणि कॅशे असून नसल्यासारखी होईल. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक प्रतीला मुदत नेमून देणे हा मार्ग आहे, आणि ती मुदत मजकुराच्या स्वभावावरून ठरते : ज्याचे जुने दिवाळी अंक संकेतस्थळावर आहेत त्याला त्या पानांसाठी आठवड्याची मुदतही चालेल, तर दिवसभर बातम्या देणाऱ्याला मुखपृष्ठासाठी काही मिनिटांचीच मुदत ठेवावी लागेल. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’मध्ये मुदत संपलेली प्रत त्याच क्षणी नाहीशी होत नाही, तर ठरावीक अंतराने होणाऱ्या सफाईच्या वेळी ती काढली जाते, म्हणून प्रतीचे खरे आयुष्य हे मुदत आणि सफाईतील अंतर यांच्या बेरजेइतके लांबू शकते.

अनेक मराठी संकेतस्थळांच्या मुखपृष्ठावर ‘आजचे पंचांग’ किंवा ‘आजचा दिनविशेष’ अशी चौकट असते, आणि कॅशेच्या दृष्टीने ती सर्वांत फसवी असते. मध्यरात्री तारीख बदलते आणि तिच्याबरोबर चौकटीतील मजकूरही बदलायला हवा, पण त्या वेळी कोणीही लेख प्रसिद्ध केलेला नसतो, त्यामुळे पान जुने झाले आहे हे प्लगिनला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो, आणि सकाळी उठून एकादशी आहे का हे पाहायला आलेल्या वाचकाला कालचा दशमीचा मजकूर दिसू शकतो. यावर तीन उपाय आहेत. मुखपृष्ठाची मुदत कमी करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. रोज मध्यरात्री मुखपृष्ठाची प्रत काढून टाकण्याचे काम सर्व्हरच्या वेळापत्रकावर लावणे हा दुसरा. आणि चौकट पानात न छापता वाचकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या साहाय्याने त्या क्षणी भरणे हा तिसरा आणि सर्वांत भरवशाचा. दुसरा उपाय योजताना सर्व्हरच्या वेळापत्रकात आणि वर्डप्रेसच्या मांडणीतही कालविभाग म्हणून कोलकाता निवडलेला आहे का ते पाहिले पाहिजे, कारण तेथे जागतिक प्रमाणवेळ राहिली असेल तर संकेतस्थळाची मध्यरात्र भारतात पहाटे साडेपाचला उजाडते.

वेळापत्रकाशी संबंधित आणखी एक परिणाम पुष्कळांना चकवतो. ठरावीक वेळी लेख आपोआप प्रसिद्ध करण्यासाठी वर्डप्रेस कोणत्याही खऱ्या घड्याळावर अवलंबून नसते. कोणी पान मागितले आणि पीएचपी जागे झाले की ‘एखादे काम बाकी आहे का’ हे ते पाहून घेते. कॅशे उत्तम चालू लागली की पीएचपी क्वचितच जागे होते, आणि पहाटे सहाला लावलेला अग्रलेख सातपर्यंत प्रसिद्ध होत नाही. होस्टिंगच्या नियंत्रण-फलकावर ‘क्रॉन’ या नावाची सोय असते. तिच्याद्वारे दर पाच किंवा दहा मिनिटांनी हे काम तपासण्याची आज्ञा लावून दिली की ही अडचण कायमची मिटते.

फॉर्मच्या बाबतीतही मुदतीला मर्यादा येते. परक्या ठिकाणाहून आलेली खोटी विनंती ओळखता यावी म्हणून वर्डप्रेस काही फॉर्ममध्ये ‘नॉन्स’ नावाची एक खूण लपवते, जिची वैधता साधारणतः १२ ते २४ तासांची असते. अशा फॉर्मसह पानाची प्रत दोन दिवस साठवून ठेवली तर वाचकाने भरलेला फॉर्म खूण शिळी झाल्यामुळे नाकारला जातो, आणि त्याला मिळणारा संदेश इतका गूढ असतो की दोष कॅशेचा आहे हे संपादकाच्याही लक्षात येत नाही. ‘डब्ल्यूपी रॉकेट’मध्ये मूळ मुदत १० तासांची ठेवलेली आहे ती याच हिशेबाने. ज्या संकेतस्थळावर वर्गणीचा किंवा साहित्य पाठवण्याचा फॉर्म आहे त्याने त्या पानाला तरी या मर्यादेच्या आत ठेवावे.

मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या वाचकाला पान नव्याने तयार होईपर्यंत थांबावे लागते. हे टाळण्यासाठी ‘प्रीलोड’ ही सोय असते, जिच्यात प्लगिन स्वतःच सर्व पानांना एकेक करून भेट देते आणि प्रती आधीच तयार करून ठेवते. क्वचितच बदलणाऱ्या मोठ्या संग्रहासाठी ती फार उपयुक्त आहे, परंतु अनेक ग्राहकांत विभागलेल्या स्वस्त सर्व्हरवर दहा हजार पानांचा प्रीलोड लावला तर सर्व्हरवरील भार आणि फाइलींची संख्या या दोन्हींच्या मर्यादा ओलांडल्या जाऊ शकतात. याच्याच शेजारी, नवी प्रत तयार होत असताना इतरांना जुनी प्रत दाखवत राहण्याचा पर्याय असतो, आणि तो निःशंकपणे सुरू ठेवावा, कारण एखादा लेख अचानक सर्वत्र फिरू लागतो तेव्हा एकाच क्षणी आलेल्या पाचशे वाचकांसाठी पाचशे वेळा तेच पान तयार होण्याचे संकट त्यामुळे टळते.

लेख अशा रीतीने फिरतो तो प्रायः समाजमाध्यमांतून, आणि तेथे कॅशे नेमक्या गरजेच्या वेळी निकामी होण्याचा धोका असतो. फेसबुकवरून उघडलेल्या दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर ‘एफबीक्लिड’ नावाची एक लांबलचक खूण जोडलेली असते आणि ती प्रत्येक वेळी वेगळी असते. वाचकाच्या दृष्टीने लेख तोच असला तरी पत्त्याच्या दृष्टीने प्रत्येक भेट नव्या पानाची ठरते, आणि प्लगिनने ही खूण दुर्लक्षित करायला शिकलेले नसेल तर हजार वाचकांसाठी हजार वेळा पान तयार केले जाते. म्हणून मागोवा घेणाऱ्या अशा खुणांची यादी प्लगिनमध्ये आहे का, आणि तीत एफबीक्लिड, जीक्लिड आणि यूटीएमने सुरू होणाऱ्या खुणा आल्या आहेत का, हे पाहणे मराठी संकेतस्थळांसाठी विशेष महत्त्वाचे आहे.

देवनागरी मजकुराच्या काही गरजा वेगळ्या आहेत, आणि मांडणीविषयीच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. वेबवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन लिपीतील अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे येतात आणि त्यांना ३० बाइट लागतात. मराठी लेख त्यामुळे मूळ रूपात जड असतो, मात्र प्रत्येक चिन्हाचा आरंभीचा भाग सारखाच असल्यामुळे जीझिप किंवा ब्रॉटली या पद्धतींनी तो फार चांगला आकसतो. पाने आकसून पाठवण्याचा पर्याय मराठी संकेतस्थळाने बंद ठेवणे म्हणजे वाचकाच्या मोबाइल डेटावर विनाकारण भार टाकणे होय. लेखाचा पत्ताही मराठीत ठेवला असेल तर त्यातील प्रत्येक चिन्ह टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात नऊ अक्षरे व्यापते, आणि वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा घालत असल्यामुळे सुमारे २२ चिन्हांनंतर मराठी पत्ता तोडला जातो. हे सांकेतिक रूप लहान किंवा मोठ्या रोमन अक्षरांत लिहिले तरी अर्थ एकच राहतो, पण फाइलींची नावे जुळवणाऱ्या आज्ञावलीला ती दोन नावे वेगळी वाटू शकतात; म्हणून कॅशेची चाचणी मुखपृष्ठापुरती न करता मराठी पत्त्याच्या एखाद्या लेखावरही करावी.

अक्षरसंचाचा, म्हणजे फॉन्टचा, प्रश्न ब्राउझरच्या कॅशेशी निगडित आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, आणि कधी काळी एका संकेतस्थळावर उतरलेला फॉन्ट दुसऱ्याच्या कामी येत असे. परंतु वाचकाचा खासगीपणा जपण्यासाठी सफारीने, २०२० साली क्रोमने आणि २०२१ साली फायरफॉक्सने प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा केला, आणि तो लाभ संपला. आता फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून त्याला वर्षभराची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची, ब्राउझर-मुदत देणे हेच श्रेयस्कर आहे. चित्रे आणि शैलीच्या फाइली यांनाही इतकी मोठी मुदत निर्धास्तपणे देता येते, कारण फाइल बदलली की तिच्या नावात किंवा नावापुढील आवृत्तिक्रमांकात बदल करण्याची प्रथा आहे, आणि नाव नवे असले की ब्राउझर जुनी प्रत वापरतच नाही.

बहुतेक प्लगिन्स याखेरीज फाइलींतील रिकाम्या जागा काढणे, अनेक फाइली एकत्र करणे, जावास्क्रिप्ट उशिरा चालवणे अशी अनेक आमिषे दाखवतात. यांचा कॅशेशी थेट संबंध नाही. फाइली एकत्र करण्याचा सल्ला तर २०१५ साली आलेल्या एचटीटीपी/२ या नियमावलीनंतर कालबाह्य झाला आहे, कारण तिच्यात एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकाच वेळी येऊ शकतात. जावास्क्रिप्ट लांबणीवर टाकल्याने वेग खरोखर वाढतो, पण मेनू न उघडणे, चित्रपट्टी न हलणे असे दोष त्यातूनच उद्भवतात. सगळे पर्याय एका दिवशी सुरू करणाऱ्याला बिघाड कोणत्या पर्यायामुळे झाला हे शोधता येत नाही. एक पर्याय सुरू करावा, प्रती पुसाव्यात, संकेतस्थळ मोबाइलवर तपासावे आणि मगच दुसऱ्याकडे वळावे. याहून जलद मार्ग दिसतो खरा, पण तो टिकत नाही.

पान-कॅशे कितीही उत्तम असली तरी अंतराचा विलंब ती मिटवू शकत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, आणि मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर असल्यामुळे जाण्यायेण्याच्या एका फेरीला किमान आठवा हिस्सा सेकंद लागणारच. सुरक्षित जोडणी जुळण्यासाठी दोन फेऱ्या आणि पानासाठी तिसरी, असे धरले तर पहिला बाइट येण्यापूर्वीच अर्धा नव्हे, तरी तिसऱ्या हिश्शाहून अधिक सेकंद संपलेला असतो. ज्याचे वाचक मुख्यतः महाराष्ट्रात आहेत त्याने सर्व्हर मुंबईत घ्यावा, आणि ज्याचे वाचक पुण्याबरोबर लंडन आणि न्यू जर्सीतही आहेत त्याने सीडीएनचा आधार घ्यावा.

परिणाम मोजण्यासाठी गूगलचे ‘पेजस्पीड इनसाइट्स’ हे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. गूगलने २०२० साली मांडलेल्या निकषांनुसार पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, आणि सर्व्हरकडून पहिला बाइट ०.८ सेकंदाच्या आत येणे चांगले मानले जाते. पान-कॅशेचा परिणाम या दुसऱ्या आकड्यात सर्वांत स्पष्ट उमटतो. या साधनात प्रत्यक्ष वाचकांच्या अनुभवाचे जे आकडे दिसतात ते मागील २८ दिवसांचे असतात, म्हणून आज केलेल्या सुधारणेचे पूर्ण श्रेय त्यांत महिनाभराने दिसते, आणि दुसऱ्याच दिवशी निराश होऊन मांडणी बदलण्याचे कारण नाही.

मांडणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक संपादकाने एक गोष्ट अवश्य करावी. लॉग-इन केलेल्या व्यक्तीसाठी कॅशे बंद असल्यामुळे संपादकाला दिसणारे पान हे वाचकाला दिसणारे पान कधीच नसते. त्याचे नेहमी ताजे असते आणि नेहमी संथ असते. म्हणून ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, किंवा त्याहून चांगले म्हणजे घरातील सर्वांत साधा मोबाइल हाती घेऊन, वायफाय बंद करून, आपल्याच संकेतस्थळावरील एक जुना लेख, एक नवा लेख आणि एक फॉर्म बाहेरच्या वाचकासारखा उघडून पाहावा, आणि दर महिन्याला एकदा तरी ही तपासणी करत राहावी.